केळफुलाच्या बातमीची शेवटची ओळ

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रविवारचं 'नवलाई' पान लागलं एकदाचं. आज जाम खूश आहे. का, ते इथेच लिहून ठेवते, कारण ऑफिसात कौतुक करायला कोणाला वेळ नाही.

संपादक भोळेसरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला होता, 'शंभर वर्षांपूर्वीचं जळगाव स्टेशन'. बैलगाड्या, फेटेवाले, धूर सोडणारं इंजिन. सर म्हणाले, "ताई, 'नवलाई'त सगळ्यात वर टाका. लोक वेडे होतील." मी मोठा करून बघितला. पाटीवरची अक्षरं जगातल्या कुठल्याच लिपीतली नाहीत, आणि एका हमालाला सहा बोटं. कॉम्प्युटरनं बनवलेला! सर जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बरं, मग खोटा म्हणून छापा." छापला. चौकट केली, खोटा फोटो कसा ओळखावा.

चौकटीला जागा पाहिजे म्हणून बाकीचं छाटलं. आपल्याच जिल्ह्यातल्या पाटण्याच्या शहामृगाच्या दोन ओळी, हत्ती एकमेकांना नावानं हाक मारतात म्हणे त्याची एक, केळफुलानं साखर उतरते त्याची एक. कात्री नेहमीप्रमाणे शेवटून. एजन्सीवाले महत्त्वाचं ते वर लिहितात, शेपूट कापलं तरी बातमी मरत नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात आम्हाला. चहा गार व्हायच्या आत पान सोडलं.

संदीप भुसावळहून रेल्वेची ड्युटी करून घरी आला, त्याला सहा बोटांचा हमाल दाखवला. म्हणतो, आमच्या स्टेशनावर पाठव त्याला, कामाचा माणूस आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

नानांचा फोन, ठरलेला. पेपर धुळ्याला पोचला की आधी मोठ्या मायला, माझ्या काकूला, मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग मला फोन, मग स्टँडजवळच्या टपरीवर जाऊन सगळ्या म्हाताऱ्यांना. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून हीच ड्युटी. पेपरमालकाला नसेल एवढा अभिमान.

शहामृगावर बेहद्द खूश. "आपला खान्देशमा शहामृग व्हतं? मंग गयं कथं?" म्हटलं नाना, हजारो वर्षं झाली, आता नुसत्या अंड्याच्या टरफलांचे तुकडे सापडतात. "टरफलं तरी आपलीच शेतस ना!" म्हणे.

मग विचारलं, "आनि हाई केयफूलनं खरं शे का वं?" मी पोळ्या लाटत होते, फोन खांद्यावर धरलेला, तव्यावरची करपत होती. म्हटलं, "छापलंय म्हणजे खरंच असणार ना, नाना."

पोळी करपलीच.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पिंप्राळ्याच्या बाजारात केळफुलं! आमच्या जळगावात जे बांधावर फेकून देतात, ते टोपलीत पाणी मारून मांडलेलं. भाजीवाली म्हणते, "पेपरात आलंय ना ताई, शुगरवर जालीम आहे." मला गप्प बसवेना. म्हटलं, "मीच लिहिलंय ते." तिनं एक जास्तीचं पिशवीत टाकलं आणि शेजारणीला हाक मारून दाखवलं मला. स्कूटरवर घरी येईपर्यंत गाल दुखले हसून.

एजन्सीची बातमी, मी फक्त मराठी केली आणि छाटली. "मीच लिहिलंय" म्हणे. शहाणी.

२ नोव्हेंबर, रविवार

धुळ्याला जाऊन आले. नानांनी फोनवर फर्माईश केली होती, येताना केळफुलं आण, धुळ्यात चांगली मिळत नाहीत. पिशवीभर नेली. मोठ्या मायची बोटं चिकानं काळी झालेली, रोज सोलते म्हणे. भाजी, वडे, आणि सकाळी उपाशीपोटी रस. रस! कोणी सांगितलं हे? टपरीवर ठरलं.

नाना बारीक झालेत. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. कौतुकानं दाखवत होते, "दख, पोट गयं!" मीही म्हटलं, वा नाना, तरुण दिसताय. मोठी माय म्हणाली, रात्री चारदा उठतात, पाणी फार पितात. नानांनी तिला गप्प केलं.

घरात मोजे घातले होते. म्हणे थंडी. सहा डिसेंबरची तयारी सुरू, नवी चप्पल घेऊन ठेवलीये. दरवर्षी चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहतात, मला लहानपणी खांद्यावर घेऊन उभे राहायचे. "यंदा बी जासु. रांगमा उभं ऱ्हासु. कोनी आडा येऊ नका."

दुपारी भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी. पोट तट्ट. बसमध्ये पारोळ्यापर्यंत झोपले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मोठ्या मायचा फोन, ऑफिसात. ती कधी ऑफिसात फोन करत नाही. घरात वास येत होता, तिला वाटलं उंदीर मेला कुठेतरी, माळा झाडून काढला. वास नानांच्या मोज्याचा होता. नवीन चप्पल पायात रुळावी म्हणून घरात घालून फिरत होते, अंगठ्याशेजारी घासलं, कळलंच नाही. बोट काळं पडलंय. शेजारच्यांनी साखर बघितली, मीटर आकडाच दाखवेना, त्याच्या पल्ल्याच्या बाहेर.

विचारलं, गोळ्या घेतात ना?

"गोया तं कवयच्याच बंद करी दिन्यात. केयफूल खातस ना."

भोळेसर विचारत होते काय झालं, काय झालं. म्हटलं नानांचा पाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

धुळे. पहाटेची बस. बसमध्येच ती ओळ आठवली. शब्दन् शब्द नाही, पण उंदीर आठवले. 'हा प्रयोग फक्त उंदरांवर.' पुढे आणखी काहीतरी होतं. तेवढीच ओळ. तेवढीच कापली मी.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान. नानांना विचारलं, गोळ्या कधीपासून बंद? नाना म्हणाले, "पेपरमा वनं तैनपासून." कुठल्या पेपरात? नानांनी माझ्याकडे बोट केलं. पलंगावर पडलेत, पाय सुजलेला, आणि छाती फुगवून सांगतायत, "मनी आंडेरनी छापेल शे. ती खोटं लिखत नही."

बाई माझ्याकडे वळल्या. आंडेर, म्हणजे मुलगी का तुम्ही? पुतणी म्हणणार होते. पण बाबा गेल्यावर शाळेत नाव घालायला नेलं ते नानांनी, फॉर्मवर सही त्यांची. म्हटलं हो, मुलगी.

"असे प्रयोग उंदरांवर असतात बहुतेक. लिहिलं नव्हतं का तुम्ही?"

मी म्हटलं, "आठवत नाही. बघावं लागेल."

आठवत नाही! नाना रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हणतात, मलाही त्यांनीच पाठ करून घेतलं. चौथं शील, मुसावादा. खोटं बोलणार नाही. लहानपणी मला ते सगळ्यात सोपं वाटायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोट काढणार. उद्या. बाई म्हणतात जखम चढली नाही तर एवढ्यावर निभावेल. चढली तर घोट्यापर्यंत. इन्सुलिन सुरू.

ऑफिसात येऊन एजन्सीची मूळ कॉपी उघडली. उघडायची गरज नव्हती. तरी उघडली. 'हा प्रयोग फक्त उंदरांवर झाला असून, मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधे बंद करू नयेत.' पूर्णविराम. स्क्रीनवर नुसती एक ओळ आणि थोडं. बाजूला माझी सहा बोटांच्या हमालाची चौकट, केवढी थोरली. त्या फोटोनं कोणाचं काय बिघडणार होतं? कोणाचं नखही दुखलं नसतं.

आणि ओळ असती तर नानांनी वाचली असतीच. नाना पानाच्या तळाशी बारीक अक्षरातला छापखान्याचा पत्तासुद्धा वाचतात.

सरांना सांगितलं. सगळं, नानांसकट. त्यांचा चेहरा उतरला, घरी जा म्हणाले. मी म्हटलं खुलासा छापू. तसे सावरले. "कोणाची तक्रार आलीये का?" नाही. "मग? महिना होऊन गेला, ताई. परवाची बातमी कोणाला आठवत नाही."

म्हटलं, नानांना आठवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

बोट काढलं काल. नाना शुद्धीवर, बडबड चालू. मला म्हणाले, आज माझा चष्मा घरी, तू वाच पान. वॉर्डात बसून माझंच पान मला वाचावं लागलं. तहानलेली टोमॅटोची रोपं टिक टिक आवाज करतात, माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. नाना हसले, "मना बोट बी करत व्हई, माले आयकू नही वनं." शेजारचा पेशंटही हसला. मी संडासात जाऊन रडले.

दुपारी टपरीवरचे दगडूआबा बघायला आले. केळफुलं घेऊन! म्हणे, लवकर बरं व्हायला. मग सहज म्हणाले, "मी बी गोया अर्ध्या करेल शेतस." म्हटलं, आबा, आजपासून पूर्ण घ्यायच्या, आजच्या आज. का? "डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

बाईंच्या पदराआड लपले. मी कापली, हे दोन शब्द. तेवढेही निघेनात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संदीप म्हणतो, तू काय डॉक्टर आहेस का? गोळ्या त्यांनी बंद केल्या. कोणाला तरी विचारायला नको होतं?

म्हटलं, विचारलं ना. मला विचारलं. खरं शे का वं, म्हणून विचारलं. मी पोळ्या लाटत होते.

भांडी घासून टाकली त्यानं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नवीन भानगड. नाना इन्सुलिनला नाही म्हणतात. सुई एकदा सुरू झाली की सुटत नाही, टपरीवरचं ज्ञान. गोळीही तोंडात धरून नर्स गेली की थुंकली, मोठ्या मायनं पकडलं. बाईंनी समजावलं, सिस्टरनं दम दिला. ढिम्म. "मनी आंडेरले इचारसु, मंग लेसु."

मला फोन लावून दिला. म्हटलं नाना, घ्या. सुई पण, गोळी पण.

"खरं शे ना?"

"खरं आहे."

घेतलं लगेच. मोठी माय म्हणाली, रोज संध्याकाळी फोन कर बाई, "तुना शब्दवर लेतस ते, मनं कोन आयकस?"

म्हणजे ज्या शब्दानं बोट घालवलं त्याच शब्दावर औषध चाललंय. देवा म्हणावं तर आमच्यात देवही नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खुलासा लिहिला. सरांना न विचारता पानाच्या तळाशी चौकटीत बसवला. ती ओळ जशीच्या तशी, आणि 'संपादन करताना माझ्याकडून कापली गेली, वाचकांची माफी मागते'. दुपारच्या बसनं धुळ्याला यायचं होतं म्हणून पान डेस्कवरच्या नव्या मुलीकडे सोपवलं.

बसमध्ये बसल्यावर वाटलं, झालं. रविवारी नाना स्वतःच वाचतील. मला तोंडानं सांगावं लागणार नाही. असा विचार केला मी.

२३ नोव्हेंबर, रविवार

हॉस्पिटलात पेपर आला. नानांच्या आधी मी घेतला. खुलासा नाही. तळाला कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, हार, पंचवीस जणांचे फोटो.

इथे खोटं लिहून काय करू. आधी हायसं वाटलं. नंतर स्वतःची किळस आली, पण आधी हायसंच वाटलं.

नानांना कावळ्यांची बातमी वाचून दाखवली. त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा कावळा वर्षानुवर्षं विसरत नाही. नाना म्हणे, वर्कशॉपमधल्या कावळ्यांना विचार, सायबाचा चेहरा अजून लक्षात असेल त्यांच्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डेस्कवरच्या मुलीला विचारलं, चौकट कोणी काढली. "जाहिरात आली ना ताई ऐन वेळी. शेवटून कापलं, तुम्ही सांगता तसंच." बिचारी घाबरली, काही चुकलं का?

काय सांगू? बरोबर केलंस म्हटलं. मीच शिकवलंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नानांना घरी सोडलं. रोज ड्रेसिंग. जखम भरायला लागली की कड लाल होते म्हणे, अजून ती भुरकटच आहे, बाईंना पसंत नाही. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाल्या. साखर खाली राहिली पाहिजे, एक दिवसही चुकायचं नाही, पाय वाचला तर त्यावरच वाचेल. हे माझ्याकडे बघून म्हणाल्या.

संध्याकाळचा फोन. "नाना, गोळी?" "लिधी." "सुई?" "टोचाडी तुनी मोठी मायनी. खाटीक शे ती."

सहा तारखेचं काही बोलत नाहीत. नवी चप्पल दाराशीच आहे म्हणे, मोठी माय उचलायला गेली तर ओरडले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खुलासा पानाच्या डोक्यावर लावला. पहिली बातमी तीच. डोक्यावरून कोणी कापत नाही. सर आले, वाचलं, खुर्ची ओढून बसले. मला वाटलं आता भांडण. भांडण नाही. नुसतं म्हणाले, "नाव टाकायचंय तुमचं?" म्हटलं हो. "बरं." मग कीबोर्ड ओढून एक बदल केला. 'माझ्याकडून कापली गेली' काढलं, 'जागेअभावी राहून गेली होती' टाकलं. "पेपरची भाषा अशीच असते, ताई."

मी हुज्जत घातली नाही. एरवी एका काना-मात्रेवरून डोकं खाते सगळ्यांचं. आज गप्प. राहून गेली. किती छान वाटतं ऐकायला. पाऊस पडला, गाडी चुकली, ओळ राहून गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

छापून आलं. सकाळी चहा घेऊन फोनसमोर बसले. नानांचा फोन नाही. कधी नाही असं झालं नाही. आंघोळ केली, नाही. मग मीच लावला.

मोठ्या मायनं उचलला, आणि अंगणात जाऊन हळू आवाजात बोलायला लागली. पेपर तिनं आज आधी बघितला. पेपर फडफडवत पोऱ्यानं टाकला, वर तुझं नाव दिसलं, म्हणून अक्षर अक्षर लावून वाचलं. आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. नानांना सांगितलं आज पेपर आलाच नाही.

"मी लपाडी ठेवा. त्यास्ले आते नको सांगू. तुनावरला इश्वास गया तं गोई कोन देई त्यास्ले? पाय जाई, पोरी."

तू रागावलीस का माझ्यावर, असं विचारलं. म्हणाली, "मी त्यास्नी भाजी रांधी. रोज. मी कोनवर रागावू?"

ऑफिसात दुपारपर्यंत एकच फोन. चोपड्याच्या एक बाई. "मग आता केळफूल खायचं की नाही?" म्हटलं खा ना, भाजी म्हणून खा, चांगली लागते. फक्त गोळी सोडू नका. त्या म्हणाल्या, एवढंच का, मग आधीच सांगायचं ना.

३ डिसेंबर, बुधवार

बाईंनी जखम बघितली. थोडी लाल कड आलीये एका बाजूला. थोडीच. पुढचा आठवडा महत्त्वाचा, म्हणाल्या.

मोठ्या मायचं ऐकायचं ठरवलं. पाय बरा होऊ दे, मग सांगेन. शहाणपणाचंच आहे. संदीपही तेच म्हणाला. सगळे तेच म्हणतात, आणि ते ऐकायला मला इतकं बरं वाटतं की त्याचीच शंका येते.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळीच धुळ्याला आले. नाना पांढरा सदरा घालून तयार. मुंबई नाही तर नाही, विहारापर्यंत तरी जाणारच. रिक्षा बोलावली, मी आणि दगडूआबांनी दोन बाजूंनी धरलं. एका पायात नवी चप्पल, दुसऱ्याला बँडेज. विहारात सगळे खाली बसले, नाना खुर्चीवर, त्यांना त्याचाच राग. वंदना झाली. पंचशीलाच्या वेळी मी त्यांच्या मागे उभी होते. चौथ्याला माझा आवाज फुटला नाही. नानांनी मान थोडी वळवली, परत पुढे.

घरी आलो. मोठी माय आत चहा ठेवत होती. नाना पलंगावर बसले, सदऱ्याच्या आत हात घातला आणि पेपर काढला. मागच्या रविवारचा, घडी घालून घालून मऊ झालेला. दगडूआबांनी बुधवारीच आणून दिला म्हणे. म्हणजे रोज संध्याकाळी माझा फोन घेत होते, "लिधी" म्हणत होते, आणि पेपर छातीशी.

"वाच वं. चष्मा नही मनाजोडे."

चष्मा त्यांच्या वरच्या खिशात दिसत होता.

वाचलं. मथळ्यापासून, माझ्या नावापर्यंत. उंदीर, मधुमेही, डॉक्टर, जागेअभावी, सगळं. मोठी माय दारात येऊन उभी राहिली, हातात गाळणी.

नाना म्हणाले, "हाई उंदीरनी ओळ. राही गयी, का कोनी काढी?"

मोठ्या मायनं मागून मान हलवली माझ्याकडे बघून. नको, नको.

मी म्हटलं, "मी काढली, नाना. जागा पाहिजे होती मला, दुसऱ्या बातमीला. आणि तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी न बघता हो म्हटलं."

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. पेपर माझ्या हातातून घेतला, घडी घातली, उशीखाली ठेवला. भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मोठी माय एवढंच म्हणाली, "आजच सांगानं व्हतं का वं?" आणि आत गेली. आज नाही तर कधी, हे मलाही धड सांगता आलं नसतं.

आता दिवेलागण झालीये. आज फोन करायचा नाही, मी इथेच आहे. मघाशी पाणी आणि गोळी घेऊन गेले. म्हटलं, नाना, गोळी. घ्या.

वळले. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी वाट बघत होते की विचारतील, खरं शे ना? विचारलं नाही.

गोळी वाटीत ठेवून स्वयंपाकघरात येऊन बसलेय, तिथूनच लिहितेय. दारातून वाटी दिसते. नानांचे डोळे मिटलेले आहेत, पण झोपलेले नाहीत, पायाचं बोट हलतंय त्यांचं, चांगल्या पायाचं. गोळी अजून वाटीतच आहे.